दारात उभ्या असलेल्या पोरीला फोन करू नका

आज संध्याकाळी घाटकोपरला लोकलमध्ये चढले, तर लेडीज डब्याच्या दारात एक मुलगी. एका हातात मधला दांडा, दुसऱ्या हातात फोन, आणि तो हात चक्क दाराबाहेर! रेंज मिळत नव्हती म्हणे. म्हटलं, "अगं, आत घे तो." तर, "आँटी, एकच मिनिट." एकच मिनिट! फटका मारायला सेकंदसुद्धा लागत नाही गं बाई.

ठाण्यापलीकडे राहणाऱ्यांना फटका गँग काय ते सांगायला नको. सिग्नलला गाडी हळू झाली की रुळांच्या कडेला, कधी खांबावर चढून, काठी घेऊन उभे. दारातल्या हातावर हाणली की फोन खाली आणि गाडी पुढे. माझ्या भाचीला कळव्याच्या पुढे असाच बसला. फोन पडला आणि ही बया त्याच्यामागे वाकली! मागच्या मावशींनी सॅकचा पट्टा धरून खेचली म्हणून वाचली. मनगट सुजून वांग्याएवढं.

घरी आल्यावर सगळ्यांनी तिलाच झापलं. "दारात फोन काढायचाच कशाला?" सगळ्यात मोठा आवाज भावोजींचा. आणि त्या क्षणी फोनवर कोण होतं? भावोजीच! "कुठवर आलीस?" विचारायला. ठाणं गेलं की यांचा फोन ठरलेला. नाही उचलला तर परत, मग ताईला, मग मला. डोंबिवलीला उतरायचं म्हणजे आधीपासूनच दाराशी सरकावं लागतं, तेव्हाच हा वाजणार. उचलला नाही तर घरी रामायण, उचलला तर हे असं.

खरं सांगू, त्या दारातल्या मुलीवर चिडून लिहायला बसले होते, पण राग आता भलतीकडेच चाललाय. ओटीपी देऊ नकोस, लिंक उघडू नकोस, हे पोरांना उठता-बसता ऐकवतो आपण. आणि ती गर्दीत लोंबकळत असताना फोन कोण करतं? आपणच. ऑफिसवाल्यांचं तर विचारूच नका. "ऑनलाइन दिसतेस, रिप्लाय का नाही?"

काळजी असते, मान्य. पावसात गाड्या रखडल्या की माझ्याही पोटात गोळा येतो. मग एक मेसेज टाका आणि गप्प बसा. उतरली की बघेल.

आणि हो, "फुटबोर्डवर उभं राहणं गुन्हा आहे, रेल्वे कायदा, कलम १५६" असं शिकवायला येणाऱ्यांनी आधी सकाळी डोंबिवलीहून आत शिरून दाखवावं. मग बोलू.

पोरींनो, तुमच्यावर नाही गं राग. फक्त फोन गेला तर जाऊ दे. वाकायचं नाही, उडी तर नाहीच नाही. पुढच्या स्टेशनला उतरायचं, कुणाचा तरी फोन मागून १५१२ ही रेल्वे पोलिसांची हेल्पलाइन लावायची, लोहमार्ग पोलिसांत तक्रार करायची. सिम आणि यूपीआय लगेच बंद. मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक, म्हणजे चोरालाही तो चालवता येणार नाही. तो १५ आकडी नंबर स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं की दिसतो, आज रात्रीच घरच्या वहीत लिहून ठेवा. भाचीच्या फोनचा खोका ताईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला होता. तो नंबर मिळवताना नाकी नऊ आले.

भावोजी ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. वाचा. आणि त्यावर भांडायचं असेल तर नऊनंतर फोन करा, तोपर्यंत मी गाडीत असते.