सोबत सोडा, मॅच दाखवा

जून 2020, कोरोनाचे दिवस, इंग्लंडची फुटबॉल लीग. 78वं मिनिट. चेल्सी 1, मँचेस्टर सिटी 1. सिटीच्या फर्नांडिन्योने गोललाइनवर बॉल हाताने अडवलाय, हे मला मध्यरात्र उलटून गेल्यावर, चष्मा न लावता, फोनच्या तडा गेलेल्या काचेतून दिसलं. मैदानात उभ्या असलेल्या रेफ्रीला दिसलं नाही. मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणं. मग ते कानाला बोट लावून खांबासारखं उभं राहणं. ठीक आहे. 1990 नंतर लिव्हरपूलने लीग जिंकलेली नाही, त्यातली निम्मी वर्षं मी स्वतः जातीने हजर राहून भोगलेली आहेत, आणखी दोन मिनिटं काय जड आहेत? सिटी जिंकली नाही, नुसती बरोबरी झाली तरी लीग आपलीच, हे गणित तर संध्याकाळपासून घोकत होतो. तरी घशाला कोरड पडलीच होती.

आणि तेवढ्यात स्क्रीन काळी झाली आणि पियानो वाजायला लागला.

हो, तोच पियानो. एक सूर, मग थांबणं, मग दुसरा सूर, जणू वाजवणारा दोन सुरांच्या मध्ये डोळे पुसतोय. मग ड्रोनने टिपलेला रिकामा रस्ता. मग खिडकीच्या काचेला नाक लावून उभं राहिलेलं पोर. मग व्हिडिओ कॉलवर आजी, जी नातवाच्या गालाला म्हणून स्क्रीनला बोट लावते. मग घोगऱ्या आवाजाचा माणूस, ज्याला बहुतेक मार्चपासून स्टुडिओतून घरीच सोडलेलं नाही: "या कठीण काळात... आम्ही... तुमच्यासोबत आहोत." कोण आहात तुम्ही? विम्याची कंपनी! अहो, मी मॅच बघतोय! मला आत्ता फक्त पेनल्टी मारणाऱ्या चेल्सीच्या विलियनची सोबत हवी आहे, आणि तीही त्याने बॉल ठेवून मागे जाईपर्यंतच!

स्किपचं बटण नाही. आवाज मॅचच्या दुप्पट. त्यात इअरफोनची पिन निसटलेली, त्यामुळे तो पियानो सगळ्या घरात घुमला. बायकोने कूस बदलली. आतल्या खोलीतून आईचा घाबरलेला आवाज आला, "कोण गेलं रे?"

कुणी नाही गेलं, आई. झोप.

आणि ते 30 सेकंद चालू असताना, म्हणजे आजीचं बोट अजून स्क्रीनवर असताना, वर मेसेज चमकला. आतेभाऊ. मँचेस्टर युनायटेडवाला. "मारली विलियनने. अभिनंदन बरं का." बरं का! माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी पेनल्टी मला युनायटेडच्या माणसाकडून कळली. ज्याने इतकी वर्षं प्रत्येक ऑगस्टला न चुकता "मग काय, यंदा तुमचं वर्ष ना?" असं विचारलं, त्याच्याकडून. जाहिरात संपली तेव्हा विलियन धावत होता आणि मी त्याला असा बघत होतो जसं कालचं वर्तमानपत्र वाचावं. शेवटच्या शिट्टीलाही तेच. माझ्या स्क्रीनवर सिटीवाले अजून पास देत होते आणि इकडे फोनवर फटाक्यांचे इमोजी फुटत होते. लाइव्ह म्हणे.

मला एक सांगा, ही सगळी मंडळी आपली नातेवाईक कधी झाली? फेब्रुवारीपर्यंत यांचा आपला काय संबंध होता? हप्ता थकला की मेसेज, एवढाच. मार्चमध्ये मी अशाच एका विमा कंपनीला फोन लावला होता, साधी शंका होती. 40 मिनिटं होल्डवर. होल्डवर काय वाजत होतं सांगू? पियानो. तेव्हा नव्हता तुम्ही माझ्यासोबत. मी एकटाच होतो, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं. आता चपला, गाद्या, रंग, मोबाइल, सगळे माझ्या दुःखात सहभागी आहेत. गादीवाला म्हणतो घरी राहा. अरे, गादीवाल्या, तुझा तर धंदाच तो आहे!

बरं, ते लोगोचं आठवतंय ना? मॅकडॉनल्ड्सने ब्राझीलमध्ये आपल्या सोनेरी कमानी एकमेकींपासून लांब केल्या. आउडीने चार कड्या सुट्या केल्या. त्याने कुणाचा ताप उतरला? इथे आम्ही बाजारातून आणलेली प्रत्येक पिशवी दाराबाहेर धूत बसलोय, साबणाने हातांची सालपटं निघाली आहेत, आणि तिकडे कुणीतरी मीटिंग घेऊन, स्लाइड दाखवून, कड्यांमध्ये किती सेंटीमीटर अंतर ठेवायचं यावर चर्चा करतोय. "न्यू नॉर्मल" हा शब्द तर मला कुणी समोर म्हटला तर मी मास्क काढून शिंकणार आहे.

आता मॅचेस परत आल्या, तर त्यांच्यातही हे घुसले. रिकाम्या खुर्च्यांवर कापडी फलक. पहिल्या हाफमध्ये एकदा, दुसऱ्या हाफमध्ये एकदा पाणी प्यायची सुट्टी; खेळाडू पाण्याला जातात आणि आपल्याला हँडवॉश दाखवतात. आणि तो उसना गोंगाट! व्हिडिओ गेममधून आणलेला, खरंच गेममधूनच, फिफा गेम बनवणाऱ्या कंपनीच्या साठ्यातून. शॉट बाहेर गेल्यावर अर्ध्या सेकंदाने हळहळतो. म्हणजे कुठेतरी एक माणूस बसलाय, हळहळीच्या बटणावर बोट ठेवून. त्याची नोकरी मला समजू शकते, तोही बिचारा मीटिंगमध्ये म्युट असेल. पण चेल्सीच्या मैदानात माणूस नाही, काणूस नाही, आणि कानात हजारोंचा जल्लोष, हे ऐकून मला तर मळमळतं. बंद करायचा पर्याय आहे म्हणतात. आमच्या ॲपवर तो पर्याय दाबला की पुन्हा पहिल्यापासून लोड होतं आणि लोड होण्याआधी काय येतं, ते तुम्हाला माहीत आहे.

व्हीएआरचं तर नावच काढू नका. याच मोसमात व्हिलाविरुद्ध आमच्या फिर्मिनोची काख ऑफसाइड होती. काख! आणि गेल्या मोसमात सिटीच्या स्टोन्सने आमचा तो बॉल लाइनवरून काढला होता, 11.7 मिलिमीटर आत यायचा राहिला होता, त्या वर्षी 97 गुण मिळवून आम्ही दुसरे. 97! सिटीला 98. आणि 2014 मध्ये चेल्सीविरुद्धच, आमच्याच मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, कप्तान जेरार्डचा पाय घसरून... नाही, तो विषय आज नको. काल चेल्सीने सिटीला हरवलं, म्हणजे सहा वर्षांनी हिशेब चुकता केला असं मी मनाला समजावलंय. तोही क्षण जाहिरातीत गेला, असो.

मार्चमध्ये आम्ही 25 गुणांनी पुढे होतो. पंचवीस. फक्त दोन विजय हवे होते आणि जग बंद पडलं. जग बंद पडलं याचं दुःख आधी की लीग अडकली याचं, हे मी प्रामाणिकपणे सांगणार नाही. मग सुरू झालं, मोसम रद्द करा, सगळं शून्य करा. हॉलंडमध्ये लीग गुंडाळली आणि विजेता कुणीच नाही असं ठरलं, ती बातमी आतेभावाने मला तीन वेळा पाठवली. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा "चुकून". एप्रिलमध्ये मी बेलारूसची लीग बघत होतो. युरोपात तेवढीच चालू होती. ब्रेस्टची टीम धरली, कारण त्यांची जर्सी बरी होती. खेळाडूंची नावं उच्चारता येईनात. तरी ऑफसाइडवरून ओरडलो. आई म्हणाली, "हे कोण?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही."

आणि आमचा क्लब तरी काय धुतल्या तांदळाचा? एप्रिलमध्ये यांनी 200 च्या आसपास कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी योजनेतून द्यायचं ठरवलं. शिव्या खाल्ल्यावर दोन दिवसांत माघार आणि माफी. क्लबचं घोषवाक्य आहे, हे जास्त मोलाचं आहे. कुणासाठी, तेवढं लिहायचं राहिलं असावं. त्याआधी 11 मार्चला अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅटलेटिकोची मॅच भरल्या स्टेडियममध्ये होऊ दिली, माद्रिदहून सुमारे 3000 लोक आले. माद्रिदमध्ये शाळा बंद झाल्या होत्या आणि हे विमानात बसून मॅचला. मी ती मॅच मजेत बघितली होती, नुसता हरल्याचा राग आला होता. तेव्हा कुणी पियानो वाजवला नाही.

तर असा मी, मध्यरात्रीनंतर, समस्त जाहिरातदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, मूठ आवळून बाथरूममध्ये उभा. घर झोपलेलं, म्हणून जल्लोष तिथेच करायचा होता. उसना गोंगाट नाही, खरा गोंगाटही नाही, नुसती तोंड उघडून, आवाज न काढता मारलेली बोंब. 30 वर्षांची. आणि समोर आरसा.

आरशात एक पोट सुटलेला, चार महिने केस न कापलेला माणूस, आणि त्याच्या छातीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत एका बँकेचं नाव.

त्या बँकेत माझं खातं नाही. ती जर्सी मी स्वतःच्या पैशाने घेतली. वर्षानुवर्षं मी त्या बँकेची जाहिरात छातीवर मिरवत हिंडतोय, फुकट, उलट पदरचे मोजून. त्याच्या आधीच्या जर्सीवर डॅनिश बिअर होती. आई ती नेहमी उलटी करून वाळत घालायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. ऑगस्टपासून जर्सी बनवणारी कंपनी बदलतेय, आता नायकी. तीही घेणार आहे, हे मला त्या आरशासमोरच कळून चुकलं. चॅम्पियनचं वर्ष आहे. घ्यावीच लागेल.

आणि पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसमधून सगळ्या ग्राहकांना एक पत्र गेलं. "या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत" अशी सुरुवात. ते मी लिहिलं होतं. साहेबांना खूप आवडलं. "टच आहे," म्हणाले. आम्ही प्रिंटरची शाई विकतो.

तरी राग आहेच. कारण सोबत म्हणजे काय, ते मला काल नेमकं कळलं. ही मॅच मी ज्यांच्याबरोबर बघणार होतो ते चार जण चार घरांत चार वेगवेगळ्या सेकंदांना ओरडत होते. एकाचं नेट 20 सेकंद पुढे, एकाचं 30 मागे. ग्रुप कॉल लावला तर प्रत्येक गोल चार वेळा झाला, म्हणून कॉल बंद केला. 19वी लीग, 7 सामने बाकी ठेवून, इतक्या लवकर कुणीच जिंकली नव्हती आणि जूनअखेरीस म्हणजे इतक्या उशिराही कुणी नाही, आणि गळ्यात पडायला माणूस नाही. गळ्यात पडायला फक्त विमा कंपनी तयार.

शेवटी एकच माणूस जागा होता. त्याला लिहिलं, "थँक्स." आतेभावाचं लगेच उत्तर, "प्रेक्षक नव्हते, त्यामुळे अर्धीच धरू." मग पाच मिनिटांनी, "जेरार्डसाठी वाईट वाटलं खरं." मग, "झोप आता." त्याने नाव काढायला नको होतं. रडलो थोडा. आजीच्या बोटाला रडलो नव्हतो. बरं, थोडा तिथेही, पण तेव्हा पेनल्टीचं टेन्शन होतं.

आता सकाळचे पावणेदहा वाजलेत. दहाला ऑफिसचा व्हिडिओ कॉल आहे, विषय "ग्राहकांशी भावनिक नातं, पुढचा टप्पा". जर्सी अजून अंगातच आहे. कॅमेरा बंद ठेवणार होतो, पण चालू ठेवतो. बँकेला तेवढंच.