शेततळ्यातले मासे दुपारी नव्हे, पहाटे मरतात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हवामान बदलामुळे खान्देशाचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा शेततळ्यातील मासे उकडून मरतात, म्हणून येथे मत्स्यपालन करूच नये, ज्यांनी बीज (माशांची पिल्ले) सोडलेले आहे त्यांनी खाद्य वाढवावे, म्हणजे माशाला ऊन सोसते, अन्यथा बायोफ्लॉकच्या (पाण्यात जिवाणू वाढवून दाट मासे पाळण्याच्या) टाक्या बसवाव्यात किंवा व्हनामी कोळंबी करावी, आणि मासे असलेल्या तळ्याचे पाणी केळीला देऊ नये. उन्हाळा कडक आणि पाऊस बेभरवशाचा झाला आहे, एवढे यात खरे आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत, आणि खाद्याबद्दलचा सल्ला तर तळेच्या तळे मारू शकतो.

मुळात 45 अंश हे हवेचे तापमान आहे, पाण्याचे नव्हे. 30 बाय 30 मीटरचे आणि 3 मीटर खोल शेततळे भरलेले असेल, तर दुपारी वरचा फूट-दीड फूट थर तापतो आणि खालचे पाणी बरेच थंड राहते. रोहू, कटला आणि मृगळ साधारण 25 ते 32 अंशांच्या पाण्यात उत्तम वाढतात. पाणी 35 अंशांच्या पुढे गेले की ते खाणे कमी करतात आणि खाली उतरतात. खाली उतरायला पाणीच उरलेले नसेल, म्हणजे एप्रिलअखेर तळ्यात दोन-तीन फूटच पाणी असेल, तर संकट खरे असते. पण तो प्रश्न खोलीचा आहे.

मासे मरतात ते बहुतेक वेळा प्राणवायूअभावी. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 35 अंशांना तो जेमतेम 7 मिलिग्रॅमवर येतो, आणि नेमक्या त्याच उष्णतेत माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ तो वापरत राहतात. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. माझ्या तळ्यातील मासे मेले ते ऐन मे महिन्यात नाही, तर मृगाच्या तोंडावर, दोन दिवस आभाळ भरून राहिल्यानंतरच्या पहाटे. ऊन नसल्यामुळे शेवाळाने प्राणवायू पुरेसा केलेला नव्हता, आणि रात्रीच्या गार सरीने वरचे पाणी खाली जाऊन तळाचे कुजके, प्राणवायू नसलेले पाणी वर आले होते. आदल्या पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत होते आणि मी ते खेळत आहेत असे समजलो. त्या दिवशी मी मोटार लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात पाडले असते, तर बरेच मासे वाचले असते, हे मला आजही सलते.

याच कारणाने खाद्य वाढवणे घातक आहे. तापलेल्या पाण्यातला मासा कमी खातो. उरलेले खाद्य तळाशी कुजते, प्राणवायू ओढते आणि अमोनिया सोडते, आणि पाणी जितके गरम तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो. कडक उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणावे, ते ऊन वर आल्यावर सकाळीच द्यावे, आणि ढगाळ दिवशी अजिबात देऊ नये.

बायोफ्लॉकमध्ये माशांबरोबर कोट्यवधी जिवाणूही प्राणवायू घेतात, त्यामुळे हवा देणारे यंत्र अखंड चालावे लागते. दाट भरलेल्या टाकीची वीज गेली तर तासाभरात सारे संपू शकते. शेतीपंपाच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या गावाने जनित्राचा खर्च आधी मांडावा. व्हनामीला पाण्यात ठरावीक क्षार लागतात, ते गिरणा नदीच्या गोड्या पाण्यात आपोआप मिळत नाहीत. शिवाय कोळंबी तळाशी वावरते, आणि प्राणवायू सर्वांत आधी तळाशीच संपतो.

केळीबद्दलचा मुद्दा तर उलटा आहे. माशांच्या विष्ठेतील नत्र केळीला उपयोगीच पडते. ठिबकच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून वाळूची गाळणी तेवढी स्वच्छ ठेवावी लागते. मासे पाणी संपवत नाहीत, ते ऊन संपवते: एवढ्या तळ्यातून रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले, तरी ते 9,000 लिटर होते. खरी अडचण संदेशात आलेलीच नाही. ज्या एप्रिल-मेमध्ये माशाला खोल पाणी हवे, त्याच महिन्यांत केळीलाही सर्वाधिक पाणी लागते. रावेर-यावल पट्ट्यातील कोणीही शेतकरी अशा वेळी केळीलाच पाणी देईल, आणि त्याने तसेच करावे.

म्हणून आपल्याकडील जुळवणी मुख्यतः वेळापत्रकाची आहे. तळे ऑगस्टमध्ये भरले की मत्स्यजिरे (अगदी लहान पिल्ले) न सोडता मोठी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडावी, शक्य असल्यास आदल्या वर्षी वाढवलेली. त्यामुळे हंगामाचे दोन-तीन महिने वाचतात. बीज विरळ ठेवावे, फेब्रुवारीपासून मोठे मासे काढत जावे आणि मार्चअखेर तळे बहुतांश मोकळे करून पाणी केळीला द्यावे. ज्यांच्याकडे विहिरीचा आधार आहे त्यांनी थोडे मासे पुढे ठेवण्यास हरकत नाही, मात्र किमान पाच-सहा फूट पाणी राखून आणि पहाटे तीन ते सहा हवा देऊन. हतनूर किंवा उकाई धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. तेथे पाण्याची पातळी धरणाच्या विसर्गावर ठरते आणि मासे पाळण्याचे पिंजरे खोल पाण्याकडे सरकवावे लागतात.

हा संदेश वाचून ज्यांनी तळे रिकामे करायचे ठरवले आहे, त्यांनी त्याआधी एकदा पहाटे पाच वाजता बॅटरी घेऊन काठावर जावे. मासे वर तोंड काढताना दिसले तर त्या दिवसाचे खाद्य बंद करावे आणि मोटार लगेच सुरू करावी.