पार्ल्याचा नेहरू रोड की वाकोल्याचा?

गेल्या फेब्रुवारीत रात्री साडेआठला आईचा फोन आला, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. बाबा बाथरूममध्ये पडले होते. शेजारच्या काकांनी अँब्युलन्सला फोन करून पत्ता सांगितला होता, नेहरू रोड, बिल्डिंगचं नाव, मजला, सगळं. वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी गाडी नाही, मग ड्रायव्हरचाच फोन, मी वाकोल्याला नेहरू रोडवर उभा आहे, तुमची साईकृपा कुठेय? आम्ही विलेपार्ले पूर्वचे. सांताक्रूझ पूर्वला पण नेहरू रोड आहे, आणि साईकृपा तर मुंबईत कुठेही सापडेल. मी इथे बर्लिनला किचनमध्ये फोन कानाला लावून उभी, आणि पलीकडे आई त्याला रस्ता समजावतेय, मध्येच बाबांना "अहो हलू नका" म्हणतेय. बाबा आता बरे आहेत, वॉकर घेऊन चालतात. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तेव्हापासून घरी एकच वाद चालू आहे. दादाचं म्हणणं, एका शहरात एका नावाचा एकच रस्ता हवा, बाकीच्यांची नावं बदला. काका म्हणतात नेहरू, गांधी, टिळक ह्या नावांना कुणी हात लावू देणार नाही, आणि लावला तरी लोक जुनंच नाव घेतील. आणि मग दोघंही मला विचारतात, तुमच्याकडे जर्मनीत कसं असतं गं?

तर आमच्याकडे पण तसंच असतं. अकरा वर्षांपूर्वी मी इथे नवीन होते तेव्हा एक घर बघायला जायचं होतं, पत्ता बर्लिनर श्ट्रासं. मेट्रोच्या नकाशावर त्याच नावाचं स्टेशन दिसलं, मी उतरले, नंबर शोधत फिरले, त्या नंबरला भलतंच दुकान. मला जायचं होतं पांको भागातल्या बर्लिनर श्ट्रासंला, आणि मी होते विल्मर्सडोर्फच्या. ह्या नावाचे रस्ते शहरात आणखी पण आहेत. १९२० साली आजूबाजूची ७ शहरं आणि ५९ गावं जोडून मोठं बर्लिन केलं, आणि प्रत्येक गावातून बर्लिनकडे जाणारा रस्ता तो बर्लिनर श्ट्रासं. स्टेशनकडे जाणारा तो बानहोफश्ट्रासं, म्हणजे आपला स्टेशन रोडच की! मुंबईचं काय वेगळं झालं? उपनगरं महापालिकेत आली १९५० आणि १९५७ मध्ये, त्याआधी बऱ्याच ठिकाणी कारभार आपापला, आणि प्रत्येकाला आपल्या गावात गांधीजींच्या नावाचा रस्ता हवा होता, त्यात चूक काहीच नाही. म्हणून एम.जी. रोड फोर्टला आहे, पार्ल्याला आहे, घाटकोपरला, गोरेगावला, मुलुंडला आहे. टिळक रोड दादरला पण आणि घाटकोपरला पण.

मग इथे अँब्युलन्स चुकत नाही का? चुकत असेल कधीतरी, पण इथे नुसतं रस्त्याचं नाव म्हणजे पत्ता असं कुणी समजतच नाही. पाच आकडी पिन पण सांगायचा, आणि घर नंबर. आणि मला सगळ्यात आवडते ती कोपऱ्यावरची पाटी, नावासोबत छोट्या आकड्यांत लिहिलेलं असतं की ह्या तुकड्यात अमुक ते अमुक नंबरची घरं आहेत. रात्री, पावसात, नवखा माणूससुद्धा कोपऱ्यावरच ठरवू शकतो डावीकडे जायचं की उजवीकडे. जुन्या रस्त्यांवर नंबर एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात, ते शिकायला मला वर्ष लागलं, पण नंबर असतो हे महत्त्वाचं.

आपल्याकडे पिन नाही असं थोडंच आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो मुळात ह्याचसाठी, एकसारखी गावांची नावं आणि पाकिटांवर वेगवेगळ्या लिप्या. आणि ते काम उभं करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी. पण आपण तो फक्त कुरियरसाठी ठेवलाय. त्या रात्री कुणी "पार्ले पूर्व, सत्तावन", म्हणजे पिनचे शेवटचे दोन आकडे, एवढं म्हणालं असतं तरी गाडी वाकोल्याला, म्हणजे पंचावन्नला, गेली नसती.

दादाला मी हेही सांगितलं की नावबदल काय असतो ते इथे मी जवळून बघितलंय. शहराच्या मध्यावरच्या एका रस्त्याच्या नावात काळ्या माणसांसाठीचा जुना अपमानाचा शब्द होता, तो बदलून अठराव्या शतकातले आफ्रिकेत जन्मलेले तत्त्वज्ञ अँटन विल्हेल्म आमो ह्यांचं नाव द्यायचं ठरलं २०२० मध्ये, पाट्या लागल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. मधली वर्षं हरकती, कोर्ट. मला तो बदल योग्यच वाटतो. पण तो न्यायासाठी होता, घर सापडावं म्हणून नव्हता, आणि आपण घरी ह्या दोन गोष्टींची गल्लत करतोय. आपल्याकडे बहुतेक नावं दिली जातात ती कुणाचा तरी मान ठेवायला. मान ठेवावाच. पण लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन इतकी वर्षं झाली, अजून टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं, ह्यात भडकमकरांचा तरी कुठे मान राहिला?

गोंधळ कमी करायचा म्हणून केलेला बदल कसा असतो ते दादरला बघा. वेस्टर्नला पण एक नंबर प्लॅटफॉर्म आणि सेंट्रलला पण, कितीजण चुकीच्या पुलावरून धावले असतील. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्टर्नचे तसेच ठेवून सेंट्रलचे आठपासून पुढे केले, सलग चौदापर्यंत. कुणाचं नाव पुसलं नाही, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

म्हणून माझं मत काकांच्या बाजूला थोडं जास्त झुकतं, पण पूर्ण नाही. नेहरू रोड राहू दे, फक्त पाटीवर त्याखाली ठळक "विलेपार्ले पूर्व ५७" आणि बिल्डिंगचे नंबर येऊ देत. एकाच वॉर्डात एकच नाव दोनदा असेल तर तिथे मात्र दादा म्हणतो तसं बदला, आणि नवीन नाव रहिवाशांना विचारून द्या, शक्यतो लोकांच्या तोंडात आधीच बसलेलं. जुनी पाटी लगेच काढू नका, इथे तिच्यावर लाल रेघ मारून काही महिने नव्या पाटीजवळच ठेवतात ते फार बरं पडतं. आणि बिननावाच्या इतक्या गल्ल्या आहेत, पुढच्या माणसाचं नाव द्यायचंय तर आधी तिथे द्या ना.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणं झालंय, डिसेंबरमध्ये मी येईन तेव्हा गेटवर मोठा नंबर आणि पिन रंगवून घेणार आहोत, रात्री दिसेल अशा रंगात. आईकडून मी पत्ता पाठ करून घेतलाय. रविवारी फोन केला की शेवटी ती स्वतःच म्हणते, "पार्ले पूर्व, सत्तावन, नेहरू रोड, हायवेच्या अलीकडे," आणि मग फोन ठेवते.