मॅमोग्राफीला जाताय? काखेचंही सांगा

मार्च आला की कोथरूडपासून हडपसरपर्यंत महिला दिनाच्या तपासणी पॅकेजांचे फलक लागतात. मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर सूट, वर एक गुलाबी पिशवी. सुटीला माझी ना नाही. पण मी पाहिलेल्या फॉर्मांवर काखेबद्दल साधा एक प्रश्न नव्हता, याचा मला राग आहे.

आईच्या पोटात असताना साधारण सहाव्या आठवड्यात बाळाच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत दोन दुग्धरेषा उमटतात, म्हणजे ज्यांतून पुढे स्तन घडतात ते पट्टे. पुढे छातीवरचा भाग सोडून त्या विरून जातात. काहींच्या पूर्ण विरत नाहीत आणि स्तनाचं ऊतक (टिश्यू) भलत्याच जागी उरतं, बहुतेकदा काखेत. शंभरात दोन ते सहा बायकांना ते असतं, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. पाळीच्या आधी ठणकणारा, बाळंतपणानंतर टरारून येणारा काखेतला तो फुगवटा अनेकींच्या ओळखीचा असेल. घरात त्याला 'चरबी' म्हणतात आणि स्लीव्हलेस घालणं बंद होतं. झाला इलाज!

बहुतेकींना त्यातून काही होत नाही, उगाच घाबरू नका. पण स्तनात जे आजार होतात ते तिथेही होऊ शकतात, कर्करोगसुद्धा. प्रमाण अगदी थोडं, एकूण स्तनांच्या कर्करोगांत एक टक्क्याहूनही कमी. घात होतो तो दुसरीकडेच. काखेतली गाठ म्हणजे चरबीची, नाहीतर केसतोड, नाहीतर सुजलेला लिम्फ नोड (काखेत असतेच ती लसीकाग्रंथी), असं धरून चालतात आणि महिने निघून जातात.

मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो काढतात, एक वरून आणि एक तिरका. काख येते ती तिरक्यात, आणि तीही पूर्ण नाही. हात नीट ओढून घेतला नाही तर गाठ फोटोबाहेरच राहायची. म्हणून टेक्निशियनला आधीच सांगा, 'इथे लागतंय.' मग काखेचा वेगळा फोटो घेता येतो, सोनोग्राफी करता येते. संशय वाटला तर सुईने तुकडा काढून तपासतात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी हाताला गाठ लागत असेल, तर सर्जनला दाखवायचंच. सवलतीच्या पॅकेजात हे बसत नाही, असं काउंटरवर सांगतील. वेगळे पैसे पडले तरी करून घ्या.

आणि हो, त्या दिवशी काखेत डिओ किंवा पावडर नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण पुन्हा बोलावणं येतं.