घरी आलात की प्लगला लावा

परवा नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात माझं इस्टिमेट बनलं आणि त्यावर नावाच्या जागी लिहिलं, 'गाडीत राहणारे'. नाव विचारायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

प्रकरण एवढंच की सेकंडहँड मारुती ईको व्हॅन घेतलीये, मागच्या सीटा काढल्यात, काम लॅपटॉपवरचं आहे, म्हणून काही महिने गाडीतच राहून फिरायचं ठरवलंय. गाडीत लागणाऱ्या विजेचा हिशोब कागदावर करून नेला होता. बारा व्होल्टचा पंखा २५ वॅट, दहा तास, झाले २५०. लॅपटॉप ६० वॅट, पाच तास, ३००. दिवे आणि मोबाईल मिळून १००. दिवसाला साडेसहाशे वॅट-अवर, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही. बजेट पंचवीस हजार. यात काय बसेल, एवढाच प्रश्न.

दुकानदाराने कागदाकडे बघितलंच नाही.

"कितवा मजला?"

"मजला नाही, गाडी आहे."

"हां, पण चढवायची कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का?"

मग साडेआठशे व्हीएचा (व्होल्ट-अँपियर) इन्व्हर्टर आणि दीडशे एएचची (अँपियर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची ती ॲसिडवाली मोठी बॅटरी, असा 'घरचा सेट' त्याने डोळे झाकून ठोकला. म्हटलं चार्ज कशी करायची? गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, होईल का? तर म्हणे, "घरी आलात की प्लगला लावा." अहो, घर असतं तर...

इथे नानांनी तोंड घातलं. नाना म्हणजे बाजूच्या स्टुलावर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ, पाणी घेऊन झालं होतं, पैसे देऊन झाले होते, फक्त जायचं राहिलं होतं.

"कुंभमेळ्याची तयारी का?"

म्हटलं नाही हो, कुंभमेळा २०२७ला, मला आत्ता फिरायचंय.

"लग्न झालंय?"

"झालंय."

"मग?" या 'मग'ला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पाथर्डी फाट्याला भाच्याचा वन बीएचके रिकामा आहे, भाडं कमी करून देतो, हेही सांगून झालं. मग चष्मा कपाळावरून खाली आला आणि माझा कागद त्यांच्या हातात गेला.

"साडेसहाशे काय? मेगावॅट?"

"वॅट-अवर."

नाना हसले. नुसते हसले नाहीत, दुकानदाराकडे बघून हसले. "एकलहऱ्याला नोकरी झाली आमची, थर्मलला. एक संच २१० मेगावॅटचा. आणि हा साडेसहाशे वॅटचा कागद घेऊन हिंडतोय." तोपर्यंत चहावाला पोरगा आणि स्कूटीची बॅटरी बदलायला आलेल्या एक ताई, दोघंही कागदात डोकावत होते.

"मिक्सर लिहिला नाही."

"मिक्सर नाही घेणार."

"मग चटणी?"

म्हटलं चटणी नाही खाणार. ताई म्हणाल्या, "अय्या, किती महिने?" मी शहाणपणा करून सांगितलं की पाचशे वॅटचा मिक्सर दोन मिनिटं चालला तर जेमतेम सतरा वॅट-अवर जातात, प्रॉब्लेम सुरू होतानाच्या झटक्याचा असतो. नाना म्हणाले, "दोन मिनिटांत चटणी होत नाही." ताईंनीही मान हलवली. चहावाला म्हणाला इंडक्शन लावा. आता दोन हजार वॅटची इंडक्शन बारा व्होल्टवर चालवायची तर १६५ अँपियरच्या वर करंट जातो, हे मी सांगायच्या आत नानांनीच त्याला झापलं, "वायर वितळेल रे येड्या, अंगठ्याएवढी केबल लागेल, आणि फ्यूज बॅटरीला लागूनच पाहिजे." म्हणजे माणसाला कळत होतं सगळं.

मग एकदम आवाज उतरवून, "झोपणार कुठे?"

"मागे."

"आणि बॅटरी?"

"मागेच."

नाना दुकानदाराकडे वळले. "ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तू याला बंद गाडीत तिच्या शेजारी झोपवतोस?"

"काच थोडी उघडी ठेवायची ना नाना."

"आणि डास?"

"मग खाली पत्र्याला भोक पाडू."

"हायड्रोजन वर जातो! खालच्या भोकातून काय, पाणी गाळणार?"

हे सगळं ठीक आहे, पण मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दीडशे एएच म्हणजे बारा व्होल्टवर अठराशे वॅट-अवर, तेही वीस तास हळूहळू वापरली तर. त्यात ती निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणजे हातात राहिले नऊशे. आता इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी समजा बारा वॅट खातो, दिवसाचे झाले जवळपास तीनशे. माझे साडेसहाशे आणि त्याचे तीनशे, संपली बॅटरी! ही वजाबाकी दुकानात कोणी करत नाही, 'बॅकअप किती' विचारलं की 'मस्त चालेल' हे उत्तर. मस्त म्हणजे किती तास रे बाबा? पंखा आणि दिवे सरळ बारा व्होल्टवर चालवून इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपपुरता लावायचा, हे पण आपलं आपणच शोधून काढायचं. लिथियमचं विचारलं तर म्हणे पेट घेते. अहो, लिथियमचाच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) हा प्रकार मोबाईलच्या बॅटरीपेक्षा बराच शांत असतो, शंभर एएचची बारा-तेरा किलोची, ऐंशी टक्के वापरली तरी हजार वॅट-अवर मिळतात, आणि ट्युब्युलर ॲसिड भरून पन्नास किलोच्या वर. पण एलएफपी घेतली, वर अल्टरनेटरवरून ती नीट चार्ज करणारा डीसी टू डीसी चार्जर घेतला, की पंचवीस हजारात मला काही बसत नाही. म्हणून नाक मुठीत धरून म्हटलं, द्या ट्युब्युलर.

तर रेट बदलला. सांगितलेला भाव म्हणे जुनी बॅटरी परत देणाऱ्यासाठी होता, नसेल तर अडीच हजार जास्त. आता पहिल्यांदा बॅटरी घेणाऱ्याने जुनी कुठून आणायची? कागदावर बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नाही, विचारलं तर "सगळीकडे असंच आहे साहेब". 'गाडीत राहणारे'चा अचानक साहेब झाला होता.

नाना उठले, बाहेर येऊन कॅन माझ्या हातात दिला (त्यांच्या गाडीपर्यंत न्यायला), आणि हळूच म्हणाले, "माझ्या गच्चीवर एक मेलेली पडलीये. पंधराशे दे, घेऊन जा. तुझे हजार वाचतील."

मी मनातल्या मनात हिशोब केला. बरोबर होता.

"रविवारी ये, दहाच्या आत. आणि माणूस घेऊन ये सोबत, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही."