‘सिंपल’ म्हणे!

आज सकाळपासून लिफ्ट बंद. मेकॅनिक काका आले, वर मशीनरूममध्ये डोकावले, मग एकेका मजल्यावरचं दार उघड-बंद करत खाली उतरले. एका दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार लागल्याचं लिफ्टला कळवणारा विजेचा जोड, नीट बसत नव्हता. तो घासला, बसवला. पंधरा मिनिटांत लिफ्ट चालू! त्यावर आमच्यातले एक सद्गृहस्थ म्हणतात, “एवढंच होय? हे तर सिंपल मेकॅनिकल काम!”

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अहो, ‘मेकॅनिक’ आणि ‘मशीन’ दोन्ही ग्रीक ‘मेखाने’चे वंशज. मेखाने म्हणजे युक्ती, साधन. ‘इंजिन’ तर लॅटिन ‘इंजेनियम’वरून आलं, म्हणजे उपजत बुद्धी. इंग्रजीत आधी इंजिन म्हणजे डोक्यातली हुशारी होती, लोखंडाचं धूड नंतर आलं. आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘मेकॅनिकल’चं काय झालं? हातानं राबणारा हलका माणूस! युक्ती ज्याची, त्यालाच बिनडोक ठरवायचं. चारशे वर्षांनी आमचे सद्गृहस्थ तेच करतात, तेही लिफ्टमधून वर जाता जाता.

हो, माहितीये, व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नव्हे. बरं, नसेल.

पण ‘सिंपल’ घ्या. लॅटिन ‘सिम्प्लेक्स’, एकपदरी. ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणजे घडीवर घडी पडलेलं. काका तेच तर करत होते, मजल्यामागून मजला एकेक घडी उलगडत होते. शेवटची उलगडली तेव्हा आम्ही पोहोचलो आणि म्हणालो, सिंपल आहे! सगळीच दारं तपासायची हे ठाऊक असायला किती वर्षं जातात, कोण विचारतो?

साध्या माणसाचं नशीबच तसं. ‘सिली’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘सुखी, धन्य’ होता. मग निष्पाप झाला, मग बिचारा, शेवटी मूर्ख. आपणही ‘भोळा’चा ‘भोळसट’ केलाच की.

चिडून लिहायला बसलो खरा, पण एक गोष्ट खुपतेय. सद्गृहस्थ बोलले तेव्हा काकांनी हत्यारं पिशवीत भरता भरता माझ्याकडे बघितलं. मी हसलो. त्या बोलण्यावर हसतात तसाच.