घोडं कुठे पेंड खातंय?

घोड्यांची १२०० मीटरची शर्यत साधारण सत्तर सेकंदांत संपते. हे मला मामानेच सांगितलं होतं. त्याच भरवशावर मी बायकोला शब्द दिला होता : चारची शर्यत, पाचला घरी, सहाला तुझ्या मावसबहिणीचा साखरपुडा. चारला सुटलेली शर्यत चार वाजून एक मिनिट दहा सेकंदांनी संपणार. यात चुकायला जागा कुठे होती?

जागा होती. पुण्याच्या रेसकोर्सवर, एम्प्रेस गार्डनच्या शेजारी, चांगली ऐसपैस.

पुण्यात घोडे पावसाळ्यात पळतात आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला जातात. चातुर्मास पुण्यात काढायचा, हे त्यांचं बहुधा ठरलेलंच. मामा या भाविकांच्या दर्शनाला तीस वर्षं नेमाने जातो. घरात कोणी ‘जुगार’ म्हटलं की तो १९९६चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढतो. कोर्ट म्हणालं आहे की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. मामाचं कौशल्य अजून मामीच्या नजरेस पडलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

चारला पाच कमी होते तरी पुस्तकात चारची म्हणून छापलेल्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे दाखवायच्या रिंगणात, गोल गोल फिरत होते. मी अस्वस्थ झालो. मामा म्हणाला,

“अरे, आधीच्या शर्यतीत एका जॉकीने तक्रार केली ना, मला आडवा आला म्हणून. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, फिल्म बघतात, दोघांना विचारतात, मग निकाल. तोवर पैसे वाटत नाहीत. पैसे मिळाल्याशिवाय लोक पुढच्या शर्यतीवर लावणार कशातून?”

म्हणजे तीनच्या शर्यतीचा उशीर साडेतीनच्या अंगावर, साडेतीनचा आमच्या अंगावर. आमच्या सोसायटीतलं पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक असंच चालतं, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

घोड्यांच्या पाठीवर शिशाचे तुकडेही असतात. पुष्कळ शर्यतींत जो घोडा जास्त चांगला, त्याच्यावर जास्त वजन, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी. काम करणाऱ्याच्याच टेबलावर आणखी फायली ठेवायची पद्धत कचेऱ्यांनी कुठून उचलली, ते मला त्या दिवशी कळलं. जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करून हे वजन पळण्याआधी मोजतात आणि पळून आल्यावर पुन्हा मोजतात. वाटेत कोणी शिसं खाऊन येईल अशी भीती असावी.

चार वाजून सहा मिनिटं. घोडे एकदाचे गेटकडे निघाले. “घोडामैदान जवळ आहे!” मी म्हणालो. मामा हसला नाही. तो टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीकडे पळाला, आणि त्याच्यासारखेच आणखी शंभरेक जण. दोन वाजल्यापासून इथे असलेला माणूस शेवटच्या तीन मिनिटांत पैसे का लावतो? कारण भाव शेवटपर्यंत हलतो आणि आतली बातमी आता फुटेल, मग फुटेल, अशी त्याला आशा असते. या गर्दीसाठी शर्यत जरा रेंगाळली तर कोणाचं फारसं बिघडत नाही, असा मला संशय आला. मामाने तो तिकिटासारखा फाडून टाकला. “गप रे. घोड्याकडे बघ.”

घोड्याकडे बघितलं. खरी गोम तिथेच होती.

गेट म्हणजे लोखंडी खणांची रांग. एका खणात एक घोडा, पुढे दार, मागे दार. साडेचारशे-पाचशे किलोचं तापट जनावर, आयुष्यभर त्याला पळायला शिकवलेलं, आणि आता त्याला सांगायचं की या कपाटात शिर आणि गप्प उभा राहा. नऊ घोडे शिरले. दहावा, म्हणजे मामाचा, दारापर्यंत आला आणि थबकला. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? न फिरवल्याने, हे आपण लहानपणी शिकलो. इथे त्याला तीनदा गोल फिरवून आणला, तरी अडला! मग डोळ्यांवर झापड बांधली. मग मागे माणसांनी हातात हात गुंफले आणि त्याच्या ढुंगणाला रेटा दिला. घोड्याने एक लाथ झाडली. माणसं पांगली, पुन्हा जमली.

तेवढ्यात आत ताटकळलेला चौथा नंबर वैतागून दोन पायांवर उभा राहिला. त्याला बाहेर काढलं. डॉक्टर आले, पाय चाचपले, पळवून बघितला. पायातला नाल निखळला होता, म्हणून नालबंद आला. घोडा बाद झाला असता तर त्याच्यावरचे पैसे परत, हिशोब नव्याने, म्हणजे आणखी उशीर. मी आयुष्यात प्रथमच एका घोड्याच्या टाचेसाठी गणपतीला नारळ बोललो.

चार वाजून एकवीस मिनिटांनी दारं उघडली. सत्तर सेकंद. मामाचा दहावा नंबर, ज्याला आत शिरायचं नव्हतं, त्याला आता बाहेर पडायचं नव्हतं. सगळे निघाल्यावर तो सावकाश निघाला आणि शेवटून दुसरा आला.

“बरं, निघू मी?”

“थांब. शेवटून पहिला आला त्याच्यावर माझे पैसे नव्हते, हे काय कमी आहे? पुढची शर्यत आहे ना साडेचारची.”

साडेचारची ती पाचला सुटली.

सव्वासहाला रिक्षा आमच्या पेठेच्या तोंडाशी येऊन थांबली. “आत गाडी येणार नाही, साहेब.” मी खूप विनवलं. दहा रुपये जास्त देतो म्हणालो, वळसा घालून दुसऱ्या बाजूने या म्हणालो. ढिम्म. मागून रेटा द्यायला माणसंही नव्हती.